वृद्धांचे पडणे टाळणारे उपक्रम : साहाय्यक गोष्टी आणि अडथळे

घरातील वृद्ध माणूस पडले म्हणजे "आता वयच झाले" असे म्हणून ती गोष्ट सोडून देण्याची रीत खेड्यापासून शहरापर्यंत सर्वत्र आढळते. ताप आला तर औषध आणले जाते, विंचू चावला तर दवाखाना गाठला जातो. परंतु पडणे हा जणू म्हातारपणाचाच एक भाग आहे, असे धरून चालण्यात येते. ही समजूत बरोबर नाही. वृद्धांचे पडणे बऱ्याच अंशी टाळता येते, हे गेल्या चार दशकांतील वैद्यकीय संशोधनाने स्पष्ट केले आहे. प्रश्न उरतो तो असा, की उपाय ठाऊक असूनही ते ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाहीत, आणि पोहोचले तरी वृद्ध माणसे त्यांत सहभागी का होत नाहीत. प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि मृतांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वांत मोठे असते. ह्याच संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी एकदा तरी पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांपर्यंत जाते. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती आणि दर दहा वृद्धांपैकी सातजण खेड्यांत राहत होते. तेव्हापासून ही संख्या वाढतच गेली आहे.

पडणारा प्रत्येक माणूस गंभीर जखमी होतो असे नाही. तथापि खुब्याजवळचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण आणि मोठा खर्च ओढवतो. त्यातून उठलेली अनेक माणसे पुन्हा पूर्वीसारखी चालू शकत नाहीत. हाड मोडले नाही तरी मनात धास्ती बसते. माणूस बाहेर जाणे कमी करतो, पायांतील शक्ती आणखी कमी होते, आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. देवळात जाणे, पारावर बसणे, नातवाला शाळेतून आणणे ह्या गोष्टी एकेक करून सुटत जातात. पडण्याचे खरे नुकसान केवळ हाडांपुरते नसून ते माणसाच्या स्वावलंबनाचे असते.

मलकपेठ : सर्व सोयी जवळ, तरीही अंतर

हा प्रश्न समजून घेण्यासाठी हैदराबाद शहरातील मलकपेठ हा भाग उपयोगी पडेल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद संस्थानात व नंतर हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे हे शहर मराठवाड्यातील जुन्या पिढीला परके नाही. आजही तिकडून येणाऱ्या अनेक गाड्या मुसी नदीच्या अलीकडे काचीगुडा स्थानकावर थांबतात आणि नदी ओलांडली की मलकपेठ लागते. घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, गंज, रेल्वे स्थानक, जुन्या गल्ल्या आणि त्यांवरून जाणारी, २०१८ साली सुरू झालेली मेट्रो, असे जुन्यानव्याचे मिश्रण येथे दिसते. तेलुगू आणि उर्दू ह्या येथील मुख्य भाषा होत. शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबेही आहेत.

वृद्धांच्या दृष्टीने ह्या भागाचे एक वैशिष्ट्य आहे. तेलंगण शासनाच्या दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक कल्याण विभागाचे संचालनालय मलकपेठेतच, नलगोंडा चौकाजवळ आहे. शासकीय क्षेत्रीय रुग्णालय येथे आहे. २०१८ पासून हैदराबादच्या वस्त्यांत 'बस्ती दवाखाने' उघडण्यात आले. पाच ते दहा हजार लोकवस्तीमागे एक दवाखाना, त्यात डॉक्टर, परिचारिका व एक साहाय्यक, अशी त्यांची योजना आहे. वृद्धांसाठी असलेली १४५६७ ही दूरध्वनी मदतसेवा प्रथम हैदराबादेतच २०१७ साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये ती देशभर नेण्यात आली. म्हणजे कार्यालय, रुग्णालय, दवाखाना आणि दूरध्वनी ह्या चारही गोष्टी तरुण माणसाला सहज गाठता येतील अशा आहेत.

आता असे समजा, की येथील एका गल्लीत वरच्या मजल्यावर राहणारी, लग्नानंतर नांदेडकडून आलेली बहात्तर वर्षांची एक विधवा पहाटे न्हाणीघराच्या उंबरठ्याला अडखळून पडली. मार थोडका होता. मुलाला कळले तर तो एकटीने खाली उतरू देणार नाही आणि मंदिरात जाणे बंद होईल, ह्या भीतीने ती कोणालाही काही सांगत नाही. आठ दिवसांनी ती दवाखान्यात जाते, तेव्हा गुडघेदुखीची गोळी मागते; पडल्याचे सांगत नाही आणि डॉक्टरही विचारीत नाहीत. मेट्रो स्थानकात उद्‌वाहक आहे, परंतु घराचा जिना अरुंद असून त्याला कठडा नाही. व्यायामवर्गाची सूचना कोठे लागली असलीच, तर ती तिला वाचता न येणाऱ्या लिपीत आहे. वर्गाची वेळ सकाळी दहाची, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची. शेवटी वर्षभरानंतर ती जिन्यावरून घसरते, आणि त्या वेळी मात्र ते कोणापासूनही लपून राहत नाही.

ह्या काल्पनिक उदाहरणातील एकही गोष्ट विलक्षण नाही. त्यात कोणी निष्काळजी नाही आणि कोणी दुष्टही नाही. मात्र सेवा जवळ असणे आणि ती माणसापर्यंत पोहोचणे ह्यांत केवढे अंतर असू शकते, हे त्यावरून लक्षात येते. मलकपेठेसारख्या सोयींच्या भागात हे घडू शकते, तर तालुक्यापासून वीस किलोमीटर दूर असलेल्या वाडीत काय होत असेल ह्याची कल्पना करता येईल.

उपाय कोणते सिद्ध झाले आहेत?

पडण्याचे कारण बहुधा एक नसते. पायांतील शक्ती कमी होणे, तोल सांभाळता न येणे, मोतीबिंदू, झोपेच्या वा रक्तदाबाच्या गोळ्यांनी येणारी गुंगी व चक्कर, सैल चपला, ओली शहाबादी फरशी, अंधार, उंच उंबरठा अशी अनेक कारणे एकत्र येतात.

ह्यांवरील उपायांत व्यायामाचे स्थान पहिले आहे. २०१९ साली १०८ प्रयोगांचा आणि त्यांतील २३ हजारांहून अधिक व्यक्तींचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात असे दिसून आले, की योग्य व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याच्या घटना सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतात. हा व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हेत. आधाराला धरून टाचा उचलणे, पलंगावरून हातांचा आधार न घेता उठणे व बसणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे, अशा तोल आणि पायांची शक्ती वाढविणाऱ्या साध्या क्रिया त्यात असतात. न्यूझीलंडमधील ओटागो येथे तयार झालेल्या अशा घरगुती व्यायामक्रमात दर आठवड्यास तीन वेळा, प्रत्येकी सुमारे अर्धा तास हे व्यायाम करावयाचे असतात. त्याच्या चार प्रयोगांत मिळून पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. केवळ चालण्याने हा परिणाम साधत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा उपाय डोळ्यांचा. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सत्तरीपुढील स्त्रियांची मोतीबिंदूची पहिली शस्त्रक्रिया लवकर केल्यास त्यांचे पडणे सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते, असे आढळले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने शहरातील सुमारे चाळीस वृद्धाश्रमांत केलेल्या पाहणीत दर दहा वृद्धांपैकी तिघांची दृष्टी अधू असल्याचे दिसून आले. त्यांतील बहुतेकांचा दोष मोतीबिंदू किंवा योग्य चष्मा नसणे ह्यांमुळे होता, म्हणजेच तो दूर करण्यासारखा होता. नवा चष्मा मिळाल्यावर पहिले काही दिवस पायऱ्या जपून उतराव्यात, एवढी सूचना मात्र सोबत द्यावी.

तिसरा उपाय औषधांची तपासणी आणि चौथा घरातील धोके काढून टाकणे हा होय. न्हाणीघरात व शौचालयाजवळ आधाराचा दांडा, जिन्याला कठडा, अंथरुणापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा, आणि फरशीवरील शेवाळ घासून काढणे ह्यांना फारसा खर्च येत नाही.

वृद्ध माणसे सहभागी का होत नाहीत?

पहिला अडथळा नावातच आहे. इंग्लंडमध्ये ६१ ते ९४ वर्षे वयाच्या ६६ व्यक्तींशी बोलून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, "पडू नये म्हणून सल्ला" हा शब्दप्रयोगच अनेकांना नकोसा वाटल्याचे दिसले. असा सल्ला चांगला आहे, पण तो आपल्याहून म्हाताऱ्या आणि अशक्त माणसांसाठी, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. ही प्रतिक्रिया मराठी माणसाला अनोळखी वाटणार नाही. ऐंशी वर्षांचे आजोबाही "मी अजून धडधाकट आहे" असे म्हणून हातात काठी घेण्याचे टाळतात. काठी घेणे म्हणजे म्हातारपण चारचौघांत कबूल करणे, असे त्यांना वाटते.

दुसरा अडथळा लपविण्याचा. पडल्याचे सांगितले तर घरचे लोक रागावतील किंवा फिरण्यावर बंदी घालतील, ही भीती वास्तव असते. मुलासुनांचे प्रेमच येथे आड येते. "तुम्ही उठू नका, आम्ही आणून देतो" असे म्हणणारे कुटुंब सेवा करते खरे. परंतु बसून राहिलेल्या माणसाचे पाय लवकर निकामी होतात.

तिसरा अडथळा दैवाच्या भावनेचा. जे होणार ते होणारच, अशी धारणा असली म्हणजे व्यायामाचे प्रयोजन पटत नाही. व्यायामाने सांधे अधिक दुखतील, ह्या वयात तो शोभत नाही, लोक हसतील, अशाही शंका असतात. स्त्रियांच्या बाबतीत लाज, घरकाम आणि बाहेर जाण्यास सोबत नसणे ह्यांची भर पडते.

चौथा अडथळा अंतर, वेळ आणि भाषा यांचा आहे. ज्याला जिना उतरणे कठीण आहे त्याच्यासाठी ठेवलेला वर्ग दुसऱ्या वस्तीत असेल, तर वर्गाला येतील ती माणसे मुळातच सशक्त असतील. ज्यांना गरज अधिक, त्यांचा सहभाग कमी, असा उलटा प्रकार त्यामुळे घडतो.

पाचवा अडथळा टिकून राहण्याचा. ब्रिटनमधील एका आढाव्यानुसार अशा उपक्रमांत बारा महिन्यांनंतर सुमारे निम्मीच माणसे सांगितल्याप्रमाणे वागत असण्याचा संभव असतो. औषधांच्या बाबतीतही हेच दिसून आले. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या व तत्सम गोळ्या हळूहळू बंद केल्याने पडणे ६६ टक्क्यांनी कमी झाले; परंतु प्रयोग संपल्यावर महिनाभरातच, गोळ्या पूर्णपणे सोडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या व्यक्तींनी त्या पुन्हा सुरू केल्या. उपाय गुणकारी होता, पण मागे पाठपुरावा राहिला नाही. (अशा गोळ्या कोणीही आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी कराव्यात.)

सेवा देणाऱ्यांच्या अडचणी

अडथळे केवळ वृद्धांच्या बाजूला आहेत असे मानणे योग्य होणार नाही. दवाखान्यात गर्दी असते आणि डॉक्टरांना प्रत्येक रुग्णामागे थोडाच वेळ मिळतो. "गेल्या वर्षात कधी पडलात का?" हा प्रश्न तपासणीच्या कागदावर छापलेला नसेल, तर तो विचारला जात नाही. डोळे एका विभागाकडे, काठी दुसऱ्याकडे, औषध तिसऱ्याकडे आणि घराचा उंबरठा कोणाकडेच नाही, अशी कामाची वाटणी झालेली असते.

शासकीय योजनांत जे मोजता येते त्याची नोंद होते. शिबिरात किती काठ्या वाटल्या हे लिहिले जाते. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती काठ्या वापरात आहेत, हे पाहण्याची तरतूद क्वचितच असते. काठीची उंची माणसाला जुळली नाही किंवा तिच्या टोकाचे रबरी बूच झिजले, तर तीच काठी पडण्यास कारण होऊ शकते. सरळ उभे राहून हात खाली सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, एवढे पाहण्यास एक मिनिट लागते. परंतु ते मिनिट कोणाच्या कामात मोडते हे ठरलेले असावे लागते.

ह्या बाबतीत श्रीमंत देशांचा अनुभवही बोधप्रद आहे. अमेरिकेत ८६ दवाखान्यांतील ५,४५१ वृद्धांवर केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात प्रशिक्षित परिचारिकांनी प्रत्येकाचे धोके तपासले व उपाय सुचविले. तरीही गंभीर इजा लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत. ब्रिटनमधील त्याच वर्षीच्या एका प्रयोगातही टपालाने सल्ला पाठविणे आणि त्याच्या जोडीला व्यायाम किंवा सर्वांगीण तपासणी देणे, ह्यांत हाडे मोडण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ह्यावरून उपाय निरुपयोगी ठरत नाहीत. धोका ओळखणे आणि सल्ला देणे ही अर्धीच वाट असून, सुचविलेली गोष्ट माणसाच्या घरात रोज घडते की नाही ह्यावर पुष्कळसे यश अवलंबून असते, असा बोध त्यातून घेता येईल.

सहभाग कशाने वाढतो?

पहिली गोष्ट निमंत्रणाची. "तुम्ही पडाल" असे सांगण्यापेक्षा "पाय बळकट ठेवा, स्वतःच्या पायांनी वारीला जा, नातवंडांबरोबर चाला" असे सांगितलेले अधिक रुचते. उपरोक्त इंग्रजी अभ्यासातही तोल आणि शक्ती सुधारण्याचा संदेश वृद्धांना अधिक स्वीकारार्ह वाटल्याचे नमूद आहे.

दुसरी गोष्ट ओळखीच्या माणसाची. न्यूझीलंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, व्यायामाचा पूर्वानुभव नसलेल्या परिचारिकेला तज्ज्ञाने प्रशिक्षण दिले आणि तिने पंचाहत्तरीपुढील वृद्धांच्या घरी जाऊन व्यायाम शिकविला. २४० व्यक्तींच्या ह्या प्रयोगात पडण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी झाले. भारतासारख्या देशासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. प्रत्येक गावी भौतिकोपचार तज्ज्ञ मिळणे शक्य नाही. परंतु आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती गावात असतातच. त्यांना नीट प्रशिक्षण, थोडा राखून ठेवलेला वेळ आणि योग्य मोबदला मिळाला, तर हे काम त्यांच्या हातून होऊ शकेल. मात्र आधीच भरलेल्या त्यांच्या नोंदवह्यांत आणखी एका वहीची भर, एवढेच त्याचे स्वरूप होता कामा नये.

तिसरी गोष्ट जागेची व वेळेची. वृद्ध जेथे जमतात तेथेच उपक्रम न्यावा. मंदिरातील हरिपाठ, मशिदीचे अंगण, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, निवृत्तिवेतनासाठी बँकेत येण्याचा दिवस ह्या तयार संधी होत. भजनानंतर दहा मिनिटे टाचा उचलण्याचा व्यायाम सर्वांनी मिळून केला, तर त्यात लाज वाटण्याचे कारण राहत नाही. स्त्रियांसाठी दुपारची वेळ आणि स्त्री मार्गदर्शक असणे सोयीचे ठरते. मलकपेठेसारख्या बहुभाषी वस्तीत सूचना तेलुगू, उर्दू व मराठी ह्या तिन्ही भाषांत हवी. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोंडी निरोप व चित्रे हवीत.

चौथी गोष्ट कुटुंबाची. मुलगा, सून, नातवंडे यांना पहिल्याच भेटीत सहभागी करून घ्यावे. पडल्याचे सांगितल्याबद्दल वृद्धाला बोल लावू नये आणि त्याचे फिरणे बंद करू नये, हे त्यांना समजावून सांगावे लागते. पडल्याची बातमी मोकळेपणाने घरात बोलली गेली, तरच दुसरे पडणे टाळता येते.

पाचवी गोष्ट पाठपुराव्याची. महिन्यातून एक भेट किंवा एक दूरध्वनी, व्यायाम केल्या दिवसाची भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण, आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी एवढ्यानेही उत्साह टिकतो. सुधारणा डोळ्यांना दिसली पाहिजे.

गावात काय करता येईल?

केंद्र शासनाचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी साप्ताहिक तपासणी आणि उपकेंद्राकडून घरभेटी अपेक्षित आहेत. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चालण्याची चौकट इत्यादी साधने देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू करण्यात आली आणि तीत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजे चौकट उपलब्ध आहे. तिच्यात पुढील कामे बसविता येतील.

(१) आरोग्य केंद्रातील प्रत्येक वृद्धास वर्षातून एकदा तीन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षात पडलात का? उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? पडण्याची भीती वाटते का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' आले तर पुढील तपासणी करावी.

(२) सोपी चाचणी घ्यावी. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालणे, वळून परत येणे आणि बसणे ह्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. घड्याळ आणि खडूची रेघ एवढेच साहित्य लागते. सोबत आधाराला एक माणूस मात्र उभा असावा.

(३) साधन देतानाच त्याची उंची जुळविणे व वापर शिकविणे हे वाटपाचाच भाग समजावे, आणि सहा महिन्यांनी वापराची नोंद घ्यावी.

(४) ग्रामपंचायतीने दवाखाना, बँक, मंदिर व सार्वजनिक शौचालय ह्यांच्या पायऱ्यांना कठडे बसवावेत आणि त्या वाटेवरील दिवे चालू ठेवावेत. घरकुल बांधतानाच न्हाणीघराचा उंबरठा ठेंगणा ठेवणे पुढे फोडण्यापेक्षा स्वस्त पडते.

(५) शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घराची पाहणी करवून घ्यावी. घरात कोठे अंधार आहे, कोठे फरशी निसरडी आहे, कोठे वायर आडवी पडली आहे हे मुले अचूक टिपतात, आणि नातवाचे म्हणणे आजी-आजोबा सहसा मोडीत नाहीत.

समारोप

वृद्धांचे पडणे टाळणारे उपक्रम फार खर्चाचे नाहीत आणि त्यांसाठी दुर्मीळ यंत्रसामग्रीही लागत नाही. ते अडतात ते लहान वाटणाऱ्या गोष्टींवर : न विचारलेला प्रश्न, न सांगितलेले पडणे, न समजलेली भाषा, जिना उतरून जावे लागणारा वर्ग आणि वाटपानंतर थांबलेली नोंद. मलकपेठ असो की मराठवाड्यातील एखादी वाडी, ह्या गोष्टी दूर करणे स्थानिक माणसांच्या हाती आहे. अधिकाऱ्यांनी उपक्रमाचे मोजमाप वाटलेल्या वस्तूंवरून न करता, वर्षभरानंतर किती वृद्ध स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत जातात ह्यावरून केले, आणि कुटुंबांनी पडलेल्या माणसाला दोष न देता त्याची विचारपूस केली, तर पुष्कळ हाडे आणि त्याहूनही अधिक आयुष्ये मोडण्यापासून वाचतील.